बारा जणींचा संघ, त्यातल्या पाच जायबंदी: इंडियाना फीवरचा २०२५चा हंगाम समजून घेताना

केटलिन क्लार्क हे नाव बास्केटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्यांच्याही कानावर पडलेलं असतं. अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकणारी, प्रेक्षागृहं भरवणारी, अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉलचा चेहरा बनलेली मुलगी. तिच्या इंडियाना फीवर या संघाने २०२५च्या हंगामात ४४ साखळी सामने खेळले आणि क्लार्क त्यातले फक्त १३ खेळली. तिच्याशिवाय आणखी चार जणी एकामागून एक जायबंदी होऊन हंगामातून बाद झाल्या. तरी हा संघ उपांत्य फेरीत पोचला आणि शेवटच्या सामन्यात, तोही जादा वेळेत, हरला.

या हंगामाची गोष्ट बहुतेक ठिकाणी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली गेली. जिद्द होतीच, नाकारायचं कारण नाही. पण हा संघ एवढ्या अडचणीत का सापडला आणि त्यातून निभावला कसा, हे कळायला जिद्दीपेक्षा लीगचे नियम जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडे पहाटे साडेचारचा गजर लावून हे सामने बघणाऱ्यांनाही 'हार्डशिप', 'सीड', 'कॅप' हे शब्द आले की गोंधळायला होतं. म्हणून हा खटाटोप.

लीग म्हणजे नेमकं काय

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. पुरुषांच्या एनबीएनेच १९९६ मध्ये तिला मान्यता दिली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात आठ संघांनिशी पहिला हंगाम झाला. फीवर २००० मध्ये आली. तिचं घर इंडियानापोलिस शहरात आणि आजवरचं विजेतेपद एकच, २०१२चं.

२०२५ मध्ये लीगमध्ये १३ संघ होते. सामना दहा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. एनबीएत ४८ मिनिटं असतात. संघांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट आहेत, पण बाद फेरी ठरवताना गट बाजूला ठेवतात आणि सगळ्यांची एकच यादी करून वरचे आठ संघ घेतात. या यादीतल्या क्रमांकाला 'सीड' म्हणतात. सीड वरचं, तर घरचे सामने जास्त. बस, एवढंच.

हंगाम मे ते ऑक्टोबर का, हाही प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत बास्केटबॉल हा हिवाळ्यातला खेळ. ऑक्टोबर ते जून एनबीए चालते, बंदिस्त स्टेडियम आणि टीव्हीच्या वेळा तिच्याकडे असतात. उन्हाळ्यात ती जागा रिकामी होते. महिलांची लीग त्या रिकाम्या जागेत सुरू झाली आणि तिथेच राहिली. याचा एक परिणाम असा की बाकीचे सात महिने खेळाडू मोकळ्या असतात आणि अनेक जणी परदेशात खेळायला जातात. ब्रिटनी ग्राइनरला २०२२ मध्ये रशियात अटक झाली, तेव्हा ती तिथे गेली होती ती याच कारणाने. तिकडचा संघ घरच्या लीगपेक्षा कितीतरी जास्त पैसे देत होता.

बारा जागा आणि न हलणारी कमाल मर्यादा

आता मुख्य मुद्दा. एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू ठेवता येत, त्यापेक्षा एकही जास्त नाही. एनबीएत हाच आकडा १५ आहे आणि वर तीन अर्धवेळ खेळाडू वेगळे. म्हणजे पुरुषांच्या संघातले पाच जण जायबंदी झाले तरी पाठीमागे तेरा उरतात. महिलांच्या संघात उरतात सात. पाच जणी एका वेळी मैदानावर असतात, तेव्हा बदलायला फक्त दोन.

बरं, बाहेरून चांगली खेळाडू विकत आणावी, तर तिथे दुसरा नियम आडवा येतो. संघ सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला किती पगार देऊ शकतो याची मर्यादा ठरलेली असते. तिला 'सॅलरी कॅप' म्हणतात. एनबीएतही कॅप आहे, पण तिच्यात पळवाटा भरपूर. जास्तीचा कर भरून श्रीमंत मालक ती ओलांडतात. डब्ल्यूएनबीएची कॅप कडक होती. २०२५ मध्ये ती १५,०७,१०० डॉलर होती. मालक कितीही गर्भश्रीमंत असला तरी त्यापुढे जायचं नाही.

रुपयांत हे साधारण १३ कोटी होतात. आणि इथे मराठी वाचकाने थोडं थांबावं. आपल्या महिला प्रीमियर लीगमध्ये त्याच वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला १५ कोटी होते. तिथे खेळाडू जास्त असतात हे खरं, पण ती स्पर्धा महिनाभरात आटोपते. सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३च्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली होती. २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएतला सर्वोच्च पगार होता २,४९,२४४ डॉलर, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आत. फीवरमध्ये तो केल्सी मिचेलला होता. आणि केटलिन क्लार्कला? ७८,०६६ डॉलर. पासष्ट-सत्तर लाख रुपये.

क्लार्कचा पगार इतका कमी का, याचं उत्तर 'ड्राफ्ट'मध्ये आहे. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघ आळीपाळीने निवडतात आणि आदल्या हंगामांत जे तळाला होते त्यांना आधी निवडण्याची संधी मिळते. फीवर २०२२ मध्ये ३६ पैकी पाच सामने जिंकली होती, २०२३ मध्ये ४० पैकी १३. या दुर्दशेच्या बदल्यात तिला लागोपाठ दोन वर्षं पहिली निवड मिळाली: २०२३ मध्ये अलिया बॉस्टन, २०२४ मध्ये क्लार्क. अशा नवोदितांचा चार वर्षांचा पगार आधीच छापून ठेवलेला असतो, त्यात घासाघीस नाही. जाहिरातींतून क्लार्कला कोट्यवधी मिळतात, पण ते संघाच्या वहीत येत नाहीत.

७ ऑगस्टची रात्र

क्लार्कचं दुखणं मे महिन्यातच सुरू झालं. आधी डाव्या मांडीचा स्नायू दुखावला. १४ जूनला ती परतली आणि तोवर अपराजित असलेल्या न्यूयॉर्क लिबर्टीविरुद्ध तिने ३२ गुण केले. मग जूनअखेरीस डावी जांघ दुखावली. १५ जुलैला बॉस्टन शहरात कनेक्टिकटविरुद्ध उजव्या जांघेत दुखापत झाली, ती झालीच. त्यानंतर ती हंगामात खेळली नाही.

तरीही फीवर सावरली होती. मिचेल रोज वीसेक गुण करत होती, बॉस्टन बास्केटखाली खिंड लढवत होती, आणि चेंडू पुढे आणायचं क्लार्कचं काम आरी मॅकडोनल्ड करत होती. तिच्या जोडीला सिडनी कोल्सन. चेंडू घेऊन पुढे येणारी, कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारी खेळाडू म्हणजे 'पॉइंट गार्ड'. ती नसेल तर बाकीच्या चौघी कितीही चांगल्या असोत, चेंडू त्यांच्यापर्यंत वेळेत पोचतच नाही.

७ ऑगस्टला दुपारी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली. त्याच रात्री फिनिक्समध्ये सामना होता. कोल्सनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. मॅकडोनल्डच्या पायाचं हाड मोडलं. दोघींचा हंगाम तिथेच संपला आणि फीवर तो सामना ३५ गुणांनी हरली. म्हणजे तिन्ही पॉइंट गार्ड गेल्या आणि दुसऱ्या संघाशी सौदा करून नवी आणण्याचा दरवाजा काही तासांपूर्वीच बंद झालेला. दहा दिवसांनी सोफी कनिंगहॅमचा गुडघा गेला. क्लोई बिबीही गुडघ्यामुळेच बाद झाली.

कनिंगहॅम पडली तो कनेक्टिकटचा सामनाही सांगण्यासारखा आहे. फीवर २१ गुणांनी मागे होती. मिचेलने एकटीने ३८ गुण काढले आणि जादा वेळेत सामना ९९-९३ असा खेचून आणला. अशा सामन्यांची किंमत पुढे कळते, त्याबद्दल खाली.

गिरणीतला बदली आणि फीवरची ओडिसी सिम्स

मग माणसं आणली कुठून? यासाठी लीगमध्ये एक सोय आहे, 'हार्डशिप करार'. दुखापतींमुळे संघाकडे खेळण्याजोग्या दहापेक्षा कमी खेळाडू उरल्या आणि कॅपमध्ये नवी खेळाडू घेण्याइतकी जागा नसली, तर तात्पुरती खेळाडू घ्यायला परवानगी मिळते.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगार असायचे, ते आठवा. रोज गेटवर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या मागावर काम मिळायचं, तो परत आला की आपण बाहेर. काम तेच, कसबही तेच, पण नोकरी दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून. हार्डशिप करार हुबेहूब असाच चालतो.

आरी मॅकडोनल्डचंच बघा. जूनच्या सुरुवातीला क्लार्क आणि कनिंगहॅम दुखावल्या तेव्हा ती बदली म्हणून आली आणि चांगली खेळली. क्लार्क बरी झाली तसा संघाने तिचा करार संपवला. चांगली खेळली म्हणून ठेवून घ्यायचा मार्ग नियमात नव्हता. पुढे जूनअखेरीस अनुभवी डिवाना बॉनरने संघ सोडला, एक जागा खरोखर रिकामी झाली, तेव्हा मॅकडोनल्डला उरलेल्या हंगामासाठी परत बोलावलं. आणि सहा आठवड्यांत तिचाच पाय मोडला.

ऑगस्टमध्ये अशाच वाटेने ओडिसी सिम्स आली. वय ३३, अकरा-बारा वर्षांचा अनुभव, आणि त्याच हंगामात लॉस एंजेलिसच्या संघाने तिला सोडून दिलेलं. तिच्यामागून एरियल पॉवर्स, शे पेडी. यांना सरावाला वेळ नव्हता. प्रशिक्षक स्टेफनी व्हाइट यांना डावपेच सोपे करत, बऱ्याचदा सामन्यातच शिकवत पुढे जावं लागलं. माझ्या मते त्या हंगामातलं सगळ्यात अवघड काम व्हाइट यांचं होतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

'सहावा क्रमांक म्हणजे काही फार मोठं नाही'

हा आक्षेप रास्त आहे. साखळीअखेर फीवर सहावी होती: २४ सामने जिंकले, २० हरले. अव्वल मिनेसोटाने ३४ जिंकले होते. कागदावर फीवर बेताचीच.

पण आजूबाजूचे आकडे बघा. सातव्या आणि आठव्या क्रमांकाच्या संघांचे विजय २३. नवव्या क्रमांकाचे, म्हणजे बाद फेरीबाहेर राहिलेल्या लॉस एंजेलिसचे, २१. सहावा आणि बाहेरचा यांच्यात फरक तीन सामन्यांचा. ऑगस्टमध्ये कनेक्टिकटसारखे तीन सामने हातचे गेले असते तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

शिवाय बाद फेरीचा नियम २०२५ मध्ये बदलला आणि तो फीवरच्या पथ्यावर पडला. पहिली फेरी तीनपैकी दोन सामन्यांची असते. २०२४ पर्यंत पहिले दोन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होत. २०२४ मध्ये फीवर सहावी होती. कनेक्टिकटला गेली, दोन्ही हरली, परत आली. ज्या संघाने त्या वर्षी घरच्या मैदानावर लीगमधली सर्वाधिक गर्दी खेचली, त्याच्या प्रेक्षकांना बाद फेरीचा एकही सामना बघायला मिळाला नाही. २०२५ पासून एक तिकडे, एक इकडे, गरज पडली तर तिसरा तिकडे, असं ठरलं. फीवरसमोर अटलांटाचा संघ होता आणि पहिला सामना अटलांटाने जिंकला. दुसरा इंडियानापोलिसमध्ये झाला, तिथला २०१६ नंतरचा पहिला बाद फेरीचा सामना, आणि फीवरने तो १७ गुणांनी घेतला. तिसऱ्या सामन्यात शेवटचे साडेसात सेकंद उरले असताना बॉस्टनने चेंडू बास्केटमध्ये घातला, मग लेक्सी हलने अटलांटाचा पास पळवला. ८७-८५.

उपांत्य फेरी पाच सामन्यांची, समोर लास वेगास एसेस. फीवरने वेगासमध्ये जाऊन पहिला सामना जिंकला, मिचेलचे ३४ गुण. पुढचे दोन हरली, चौथा घरी जिंकला. पाचवा ३० सप्टेंबरला. त्यात मिचेल खाली पडली आणि तिचे पाय काही सेकंद हलेनात. नंतर तिनेच सांगितलं की तो 'रॅब्डोमायोलिसिस' होता: अतिश्रमाने स्नायू फुटू लागतात आणि त्यातले घटक रक्तात उतरतात, उपचार वेळेत झाले नाहीत तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ती ४४ च्या ४४ साखळी सामने खेळली होती, आणि बारा जणींच्या संघातून पाच गेल्यावर उरलेल्यांच्या अंगावर किती काम पडतं हे यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? मिचेल नसताना फीवरने सामना जादा वेळेपर्यंत नेला. त्या सामन्यात सिम्सने, म्हणजे ऑगस्टमध्ये बदली म्हणून आलेल्या खेळाडूने, २७ गुण केले. एसेस १०७-९८ ने जिंकल्या आणि पुढे अंतिम फेरीत फिनिक्सला ४-० ने हरवून विजेत्या ठरल्या.

मधेच एक कप, ज्यात विजेतेपदापेक्षा जास्त पैसे

हंगामाच्या पोटात आणखी एक छोटी स्पर्धा असते, कमिशनर्स कप. २०२१ पासून सुरू. जूनमधले गटातले सामने साखळी आणि कप अशा दोन्हीकडे धरले जातात आणि दोन गटांचे अव्वल संघ अंतिम सामना खेळतात. १ जुलै २०२५ ला फीवरने क्लार्कशिवाय मिनेसोटाला त्यांच्याच घरी ७४-५९ असं हरवलं. विजेत्या संघातल्या प्रत्येकीला सुमारे ३० हजार डॉलर मिळाले. ऑक्टोबरमध्ये अख्खी लीग जिंकणाऱ्यांना मिळणारा बोनस यापेक्षा कमी होता. कोणी आणि कोणत्या तर्काने हे ठरवलं, देव जाणे. क्लार्कनेही यावर जाहीर थट्टा केली.

'लीग तोट्यात आहे, मग पगार कुठून वाढवणार?'

मालकांची बाजू अशी की लीग वर्षानुवर्षं तोट्यात चालली, एनबीएने पैसे घालून ती जगवली. हे खोटं नाही. एनबीएच्या तुलनेत तिची कमाई आजही किरकोळ आहे, आणि म्हणून क्लार्कला पुरुष खेळाडूइतका पगार द्या असं खेळाडूही म्हणत नाहीत.

त्यांचं म्हणणं वाट्याबद्दल आहे. एनबीएत खेळाशी निगडित उत्पन्नातला जवळपास निम्मा हिस्सा करारानेच खेळाडूंना जातो; उत्पन्न वाढलं की पगार आपोआप वाढतो. डब्ल्यूएनबीएच्या २०२० च्या करारात कॅप वर्षाला तीन टक्क्यांनी वाढायची, उत्पन्न कितीही वाढो. वाटा मिळण्याचं कलम होतं, पण ते कमाईची ठरावीक एकत्रित मजल गाठल्यावर लागू होणार होतं, आणि त्याच वर्षी कोविड आला. रिकाम्या प्रेक्षागृहांत ती मजल गाठणार कोण?

दरम्यान बाजार बदलला. २०२४ मध्ये ११ वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार झाला, २०२६ पासून लागू. २०२३ मध्ये गोल्डन स्टेटच्या मालकांनी लीगमध्ये यायला ५ कोटी डॉलर मोजले. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी २५ कोटी मोजावे लागले. तोट्याच्या धंद्यात शिरायला कोणी पाचपट पैसे देत नाही, हा खेळाडूंचा युक्तिवाद मला तरी पटतो.

जुलै २०२५ मध्ये ऑल-स्टार सामना इंडियानापोलिसलाच होता. सरावाला खेळाडू काळे टी-शर्ट घालून उतरल्या, त्यावर मजकूर होता: आमचं जे देणं लागता ते द्या. कर्णधार क्लार्क जायबंदी असल्याने बाजूला बसलेली. फीवर वेगासमध्ये हरली त्याच दिवशी मिनेसोटाची नफीसा कॉलियर पत्रकारांसमोर बसली आणि तिने आयुक्त कॅथी एंगलबर्ट यांच्या कारभारावर लेखी निवेदन वाचून सडकून टीका केली.

'क्लार्क परत आली की सगळं सुरळीत'

असं समजणाऱ्यांनी कराराच्या तारखा बघाव्यात. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार खेळाडूंनी मुदतीआधीच, २१ ऑक्टोबर २०२४ ला रद्दबातल केला. तो ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता, पुढे मुदत वाढवत वाटाघाटी सुरू राहिल्या. नव्या करारात पगार वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून लीगमधल्या बहुतेक अनुभवी खेळाडूंनी आपापले करार मुद्दाम २०२५ पर्यंतच केले. मिचेलचाही करार एका वर्षाचाच होता.

त्यामुळे वेगासहून परतलेल्या फीवरकडे पुढच्या वर्षासाठी हक्काच्या म्हणाव्यात अशा, क्लार्क आणि बॉस्टनसारख्या नवोदितांच्या करारातल्या, मोजक्याच खेळाडू उरल्या. मिचेल, हल, सिम्स, कनिंगहॅम, सगळ्या मोकळ्या. नवी कॅप किती आणि जागा किती हे ठरेपर्यंत त्यांना काय देऊ करायचं, याचं गणित संघाला मांडताच येत नव्हतं.